बसून खाण्याचा हिशेब

भाच्याने रात्री अकरा वाजता एक्सेलची फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, बघ ना जरा. पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर.’ मुलगा बत्तिशीचा, हिंजवडीत नोकरीला. राहता फ्लॅट झालाय, त्याचे हप्ते चालू आहेत. फाइलमध्ये पुढच्या तेरा वर्षांत घ्यायचे तीन फ्लॅट होते: एक वाकडला, एक ताथवड्याला आणि तिसऱ्यापुढे ‘मेट्रोजवळ, तेव्हा बघू’ असं लिहिलेलं. प्रत्येकाचं भाडं दर वर्षी दहा टक्क्यांनी चढत होतं. तळाच्या हिरव्या चौकोनात ‘पॅसिव्ह इन्कम’ या नावाखाली महिन्याला दीड लाख जमा होत होते.

आकडेमोडीत खोट नव्हती. फक्त त्या तेरा वर्षांत एकाही बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपलं नव्हतं, एकही भाडेकरू सोडून गेला नव्हता आणि भिंतींना एकदाही रंग लागला नव्हता.

आमच्या लहानपणी ‘बसून खाणारा’ ही शिवी होती. ‘बसून खाल्लं तर कुबेराचं धनसुद्धा पुरत नाही’ असं आजी ऐकवायची. त्याच बसून खाण्याला आता इंग्रजी नाव मिळालंय आणि तरुण मुलं त्याच्यासाठी रात्ररात्र जागून फायली बनवतात. नोकरी कधी जाईल सांगता येत नाही अशा दिवसांत पगाराशिवाय चार पैसे यावेत असं वाटणं शहाणपणाचंच आहे. माझं भांडण त्या इच्छेशी नाही, मार्गाशी आहे. कर्ज काढून घेतलेला दुसरा, तिसरा फ्लॅट भाड्याने देऊन पुण्या-मुंबईतला नोकरदार स्वतंत्र होत नाही, उलट पंधरा-वीस वर्षं नोकरीला अधिक घट्ट बांधला जातो. आणि त्या धडपडीची किंमत तो एकटा मोजत नाही, शहरही मोजतं.

हे मी वही समोर ठेवून बोलतोय. माझा वाकडचा दोन बीएचके 2012 सालचा. किंमत 46 लाख होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी, ट्रॉल्या, पंखे, गीझर, खिडक्यांना ग्रिल असं सगळं मिळून 51 लाखांना पडला. बायकोच्या शिस्तीमुळे त्या फ्लॅटची वेगळी वही आहे, जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. पहिलं भाडं साडेतेरा हजार. 2019 पर्यंत ते एकोणीस हजारांवर आलं. मग 2020 च्या जूनमध्ये आमचा भाडेकरू सामान आवरून नागपूरला आईवडिलांकडे गेला. लॅपटॉप कुठूनही चालतो हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं होतं. वहीची डावी बाजू आठ महिने कोरी राहिली. उजवी कधीच कोरी राहत नाही, मेंटेनन्स आणि मिळकतकर कुणासाठी थांबत नाहीत. पुढचा भाडेकरू मिळाला तो पंधरा हजारांवर. आज सत्तावीस हजार येतात, आणि आमच्याच इमारतीत तेवढ्या फ्लॅटचा व्यवहार परवा 85 लाखांना झाला.

85 ऐकून छाती फुगते. पण 51 चे 85 व्हायला तेरा वर्षं लागली, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जेमतेम 4 टक्के. त्यात खर्च जाऊन उरलेल्या भाड्याचे अडीच-एक टक्के मिळवले की साडेसहाच्या आसपास जातं. मुदत ठेवीनेही साधारण तेवढंच दिलं असतं. ठेवीच्या व्याजावर कर जास्त बसतो हे कबूल, पण ठेवीचा फ्लश बिघडत नाही आणि रविवारी सकाळी तिचा फोन येत नाही.

माझा फ्लॅट तरी बऱ्या काळातला. आता भाच्याच्या ताथवड्याचं बघू. किंमत 80 लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणीचे 30 हजार. आतलं काम तीन लाखांत उरकलं तर एकूण 89 लाख. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतला तर वर 5 टक्के जीएसटी, तो तूर्त सोडून देऊ. भाडं 24 हजार धरलं तर वर्षाचे 2 लाख 88 हजार. त्यातला एक महिना रिकामा जातोच, नवा भाडेकरू येईपर्यंत. राहिले 2 लाख 64 हजार. सोसायटीचे 42 हजार, मिळकतकराचे 14 हजार, एजंटचे 12 हजार, रंग-प्लंबिंग-किरकोळ 20 हजार. हातात 1 लाख 76 हजार. गुंतवलेल्या 89 लाखांवर हे 2 टक्के होतात, आणि त्यावर अजून प्राप्तिकर लागायचाय.

कर्ज 60 लाखांचं, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता 52 हजार. पहिल्या वर्षी जे सव्वासहा लाख भरायचे, त्यातले पाच लाखांहून अधिक निव्वळ व्याज. ‘भाडेकरूच तुमचा हप्ता फेडेल’ असं बिल्डरच्या ऑफिसात थंडगार पाणी देत सांगतात. खरं एवढंच आहे की भाडेकरू व्याजाचा एक तृतीयांश फेडेल. बाकीचे महिन्याला सदतीस हजार पगारातून जाणार. राहत्या घराचा हप्ता त्याशिवाय. ज्या नोकरीतून सुटका हवी म्हणून हा खटाटोप, ती आता चुकूनही सोडता येणार नाही, वरिष्ठांशी वाद घालतानाही जीभ आवरावी लागेल. याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, पण शब्दकोश बदलावा लागेल.

बरं, वीस वर्षं सोसू, मग तर सगळं आपलंच? घरखर्च महिन्याला साठ हजार धरू. तेवढं भाडं हाती येण्यासाठी आजच्या भावाने असे चार कर्जमुक्त फ्लॅट लागतील, म्हणजे साडेतीन कोटींची मालमत्ता. ज्याच्यापाशी साडेतीन कोटी आहेत त्याला सुटका मिळवण्यासाठी फ्लॅट घ्यायची काय गरज? तो सुटलेलाच आहे.

हा हिशेब मांडला की जाणकार मंडळी तीन गोष्टी सांगतात. भाडं महागाईबरोबर वाढतं, ठेवीचं व्याज वाढत नाही. ही गोष्ट मी पूर्ण मान्य करतो. ठेवीचे सात टक्के आणि भाड्याचे दोन टक्के यांची सरळ तुलना करणं चूकच आहे, कारण ठेवीची मुद्दल दर वर्षी झिजते. दुसरं, हप्त्याच्या धाकाने बचत होते, नाहीतर पैसा गाड्यांत आणि परदेशवाऱ्यांत जातो. हेही खरं. स्वतःवर विश्वास नसलेल्या माणसाला हप्ता हा पहारेकरी आहे, फक्त पहारेकऱ्याचा पगार साडेआठ टक्के आहे एवढं लक्षात ठेवावं. तिसरं म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर श्रीमंत व्हा, हे कर्जाचं तत्त्वज्ञान. ते अमेरिकेतून आपल्याकडे आलंय. तिथे तीस वर्षं न बदलणाऱ्या व्याजदराने कर्ज मिळतं आणि क्लीव्हलंडसारख्या शहरात घराच्या किमतीच्या मानाने भाडं आपल्या तिप्पट-चौपट येतं. व्याजापेक्षा भाडं जास्त असेल तर दुसऱ्याच्या पैशावर श्रीमंत होता येतं. व्याज साडेआठ आणि भाडं दोन असेल तर दुसराच आपल्या पैशावर श्रीमंत होतो. व्हिडिओ बघून ते सूत्र हिंजवडीत लावायचं म्हणजे कोकणातलं भाताचं बियाणं माणदेशात पेरण्यासारखं आहे.

मग उरतो भाववाढीचा भरवसा. आपल्याकडे फ्लॅटचा खरा धंदा तोच आहे, भाडं हे त्यातलं वरकड. घराची किंमत ठरते आशेवर. त्या आशेत मुलाच्या लग्नासाठी विकलेल्या गावच्या जमिनीचे पैसे असतात, निवृत्त बापाचा फंड असतो, बे एरियातल्या चुलतभावाचे डॉलर असतात. भाडं मात्र भाडेकरूच्या याच महिन्याच्या पगारातून यायचं असतं. पगाराला मर्यादा आहे, आशेला नाही. म्हणून किंमत पळते आणि भाडं मागे रखडतं. पुण्यात 2014 ते 2020 या काळात आशाही थंडावली होती, ज्यांनी त्या सुमारास विकायला काढलं त्यांना विचारा.

(डॉलरवाल्या चुलतभावाबद्दल एक जाता जाता. मालक परदेशी राहत असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने त्यातून उपकरासह 31.2 टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. हे बहुतेक भाडेकरूंना नोटीस आल्यावर कळतं. आणि पुण्याचं भाडं अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं, हे चुलतभावाला.)

इथवरचं नुकसान फ्लॅट घेणाऱ्याचं स्वतःचं, त्यात इतरांनी का पडावं? मला यात पडावंसं वाटतं ते पुढच्या गोष्टीमुळे. मालकाच्या लेखी भाडं हे मुख्य उत्पन्न नसलं की भाडेकरू हे गिऱ्हाईक राहत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतो. आपले घरमालक आधी आडनाव विचारतात. मग लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, मित्रमैत्रिणी येतात का, रात्री किती वाजता परतता. उत्तरं न पटली तर ‘आमचं ठरलंय आत्ताच’ म्हणून फोन ठेवतात. एखाद्या मुस्लिम मुलाला किंवा एकट्या राहणाऱ्या मुलीला कोथरूडमध्ये घर शोधताना किती फोन करावे लागतात ते त्यांच्याकडून ऐकावं. दोन टक्क्यांसाठी कोण कटकट करून घेणार, असा मालकाचा सूर असतो. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. दोन टक्के बुडाले तर त्याचं फारसं बिघडत नाही. त्याचा डाव भावावर लागलाय, आणि तो कुलूपबंद फ्लॅटवरही तेवढाच चालतो.

म्हणून कुलपं. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने याच आकड्यांवर बोट ठेवलं, त्यात सर्वाधिक रिकामी घरं मुंबईत होती, सुमारे 4 लाख 80 हजार. त्याच मुंबईत निम्मी माणसं झोपडपट्टीत किंवा दाटीवाटीच्या चाळीत दिवस काढतात. शहरी घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा 1961 मध्ये 54 टक्के होता, तो 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आला, हेही त्याच पाहणीत आहे. पन्नास वर्षांत आपण भाडेकरूंच्या शहरांची मालकांची शहरं केली. पण मालक होऊ न शकलेल्यांचं काय, हा प्रश्न वाऱ्यावर सोडला.

कुलपाला सरकारचीही साथ आहे. पूर्वी दुसरं घर रिकामं ठेवलं तरी त्याचं जे भाडं येऊ शकलं असतं ते उत्पन्न धरून कर लागे. 2019-20 पासून दोन घरांपर्यंत ती अट काढली. म्हणजे दुसरा फ्लॅट बंद ठेवला तर कर नाही आणि भाड्याने दिला तर आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, भाडेकरू ठेवला की ती जाते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, तेही भाडेकरू असेल तरच. 2001 मध्ये शासनाने त्यावर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली म्हणून बरं, नाहीतर काही कमिट्यांनी भाड्याच्या फ्लॅटवरच सोसायटीचा गणपती साजरा केला असता. घर वापरात आणणाऱ्याला दंड आणि धूळ खात ठेवणाऱ्याला सूट, असा हा उफराटा न्याय आहे.

एक गोष्ट मात्र सरकारने बरोबर केली. दुसऱ्या घराच्या कर्जावरचं व्याज पूर्वी कितीही असो, भाड्यापेक्षा जास्त झालेलं सगळं पगाराच्या उत्पन्नातून वजा करून मिळायचं. 2017-18 पासून त्याला वर्षाला 2 लाखांचं कुंपण घातलं गेलं, आणि नव्या करप्रणालीत तर घराचा तोटा पगारातून वजा होतच नाही. तेव्हा मी स्वतः चरफडलो होतो. आज वाटतं, माझ्या दुसऱ्या फ्लॅटच्या व्याजाचा भार एखाद्या रिक्षावाल्याने भरलेल्या करातून का उचलला जावा?

पण मालकांच्या भीतीलाही मुळं आहेत, ती नुसती कंजुषी नाही. आणि ती मुळं बघायची तर मला नारायण पेठेत जावं लागेल.

1989 मध्ये मी शिकायला पुण्यात आलो तेव्हा एका वाड्यात काकूंकडे कॉट बेसिसवर राहत होतो. दोन खोल्यांत आम्ही सहा पोरं, प्रत्येकी दीडशे रुपये महिना. पहाटे साडेपाचला बंबातलं एक बादली गरम पाणी, दुसरी मागितली तर काकूंच्या कपाळाला आठ्या. रात्री दहाला दिवे बंद. अभ्यास करायचा तर जिन्यात, तिथला दिवा वाड्याच्या सामाईक बिलात होता. काकूंचे यजमान लवकर गेलेले, दोन्ही मुलं त्यांनी याच सहा कॉटवर आणि दुपारच्या पोळ्यांवर वाढवली. आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, पण दिराच्या दारात हात पसरायला त्या कधी गेल्या नाहीत. बसून खाणं मात्र त्यात औषधालाही नव्हतं. चादरी धुणं, कॉटचे ढेकूण मारणं, पैसे थकवणाऱ्याच्या गावी पत्र धाडणं, सगळं त्याच करत.

गंमत अशी की काकू त्या वाड्याच्या मालकीण नव्हत्या. त्या स्वतः भाडेकरू होत्या. भाडं महिना अडतीस रुपये. दर महिन्याच्या पाच तारखेला मालक जिना चढून यायचे, धोतरवाले, थकलेले. काकू त्यांना चहा द्यायच्या आणि अडतीस रुपये मोजून हातावर ठेवायच्या. आम्हा पोरांना त्या वेळी बाहेर फिरायला पाठवलं जाई, कारण पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती. मालकांना दिसत नव्हतं असं नाही. सहा कॉट कुठे लपवणार? ते चहा पिऊन निघून जात. वाड्याची मागची भिंत टेकूवर उभी होती, आणि अडतीस रुपयांत टेकूचा वासाही येत नव्हता.

ते अडतीस रुपये कायद्याने ठरले होते. मुंबई भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. महायुद्धाच्या काळात भाडी भडकली म्हणून 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं मानलं गेलं आणि तिथेच गोठलं. तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदती वाढवत वाढवत पन्नास वर्षं चालला. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं भाडं त्यानंतर वर्षाला 4 टक्क्यांनी वाढू लागलं. अडतीसवर 4 टक्के म्हणजे दीड रुपया. गिरगावातल्या, परळमधल्या चाळी ढासळल्या, पेठांतले वाडे बिल्डरकडे गेले. पागडी, म्हणजे जागा देताना वर घ्यायची एकरकमी रक्कम, तेवढी राहिली, तिला तर नव्या कायद्याने मान्यताच दिली. भाडेकरूला वाचवायला निघालेल्या कायद्याने भाड्याने घर देणारी जातच संपवली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला आपला बाप-आजा सांगत आला की घर रिकामं ठेव, पण भाडेकरू घुसवू नकोस.

ही भीती आता कालबाह्य आहे, आणि हे कुणी मोठ्याने सांगत नाही. लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याच्या करारात मुदत संपली की जागा सोडावीच लागते. नाही सोडली तर 1999 च्या कायद्याप्रमाणे दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागतं, आणि मालकाला दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या न झिजवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हा व्हॉट्सअॅपवरचा कायदा भाडेकरूला लागू नाही, कारण तो मालकाच्या परवानगीने राहतो. आणि तो प्रसिद्ध अकरा महिन्यांचा करार! वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, ही 1908 च्या नोंदणी कायद्यातली अट चुकवायला अकरा महिने आले. महाराष्ट्रात 2000 पासून भाड्याचा कुठलाही करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असो वा अकरा दिवसांचा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने होते ते कारण आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच गेलं. प्रथा मात्र शाबूत आहे. दर अकरा महिन्यांनी एजंटला अर्ध्या महिन्याचं भाडं मिळतं, हे तिच्या दीर्घायुष्याचं एक कारण असावं.

केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असं आहे. मुंबईत हेवी डिपॉझिट म्हणून दहा-पंधरा लाख घेऊन भाडं शून्य करणाऱ्यांना हे कसं मानवणार? पण भाडं हा राज्यांचा विषय, त्यामुळे केंद्राचा कायदा म्हणजे नमुना म्हणून पाठवलेला सदरा. घालायचा की नाही ते राज्याने ठरवायचं.

माझं मागणं साधं आहे. भाडं हा धंदा आहे असं एकदा सगळ्यांनी मान्य करावं. मालकाने, सोसायटीने, सरकारने. धंदा म्हटला की हिशेब आला, गिऱ्हाइकाची कदर आली, दुरुस्ती वेळेवर आली. आणि परतावा बघून गुंतवणूक आली. मग कोणी 89 लाख लावून 2 टक्के कमवायला जाणार नाही, आणि तेवढा दाब किमतींवरून उतरेल. सरकारने नोंदवलेल्या कराराने भाड्याने दिलेल्या घराला मिळकतकरात सवलत द्यावी आणि दोन वर्षांहून जास्त बंद राहिलेल्या दुसऱ्या घरावर जादा कर लावावा, आजच्या नेमकं उलटं. कुलूप महाग झालं की किल्ल्या बाहेर येतील.

पण फक्त फुटकळ मालकांच्या भरवशावर शहरं राहत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मुंबई सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडीच्या 207 चाळी बांधल्या, सरकार स्वतः घरमालक झालं. खोल्या कोंदट होत्या, पण त्यांत गिरणीतला माणूस परवडणाऱ्या भाड्यात राहिला आणि त्याची पोरं शिकली. त्यानंतर 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. बिल्डरांना चारपट चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या चारपट बांधकाम करायची मुभा मिळाली, आणि त्यातली बरीच घरं पुढे प्रकल्पग्रस्त आणि गिरणी कामगारांकडे वळवली गेली. भाड्याचं घर म्हणून जे बांधावं ते आपल्याकडे शेवटी मालकीचंच होतं. 2020 मध्ये मजूर रेल्वे रुळांवरून चालत गावी निघाले तेव्हा पुन्हा भाड्याच्या घरांची योजना जाहीर झाली. पण त्यांना शहरात रोखून धरेल असं परवडणारं भाड्याचं घर आजही सहज सापडत नाही.

भाच्याला मी यातलं निम्मंच सांगितलं. तो म्हणाला, ‘मग काय करू? सगळं म्युच्युअल फंडात टाकू?’ मी म्हटलं, मी सल्लागार नाही. पण एक बघ. तू हिंजवडीत ज्या पार्कमध्ये जातोस, तसे तिथले काही पार्क एम्बसी आरईआयटीच्या मालकीचे आहेत. आरईआयटी म्हणजे लोकांचा पैसा एकत्र करून इमारती घेणारा आणि त्यांचं भाडं लोकांना वाटणारा ट्रस्ट. एप्रिल 2019 मध्ये शेअर बाजारात आलेला हा देशातला पहिला आरईआयटी. वाटपयोग्य रोख रकमेतली 90 टक्के वाटावी लागते असा नियम आहे, आणि 2021 पासून त्याचं एक युनिटही, म्हणजे एक हिस्साही विकत घेता येतो. त्याचा परतावा साधारण पाच ते सात टक्क्यांच्या पट्ट्यात असतो. त्यालाही जोखीम आहे, घरून काम सुरू झालं तेव्हा ऑफिसं ओस पडली होती आणि युनिटचा भाव रोज हलतो. पण बघ, तुझा भाडेकरू जिथे कामाला जातो त्या इमारतीचं भाडं त्याच्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा अडीच पटीने जास्त फळतंय. आणि भाड्याच्या घरातच पैसा कमवायचा असेल तर काकूंसारखा कमव. एक जुना बंगला घे, त्यात पोरांची राहायची-जेवायची सोय कर, स्वतः उभा राहा. त्यात सहा-सात टक्के सुटतील. पण पहाटे साडेपाचला बंब तुलाच पेटवायचाय.

तो हसला. म्हणाला, ‘आणि मामा, तू तुझा वाकडचा विकणार?’

प्रश्न रास्त होता. दोन वर्षं मी तो टाळतोय. विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, किंवा 2024 च्या जुलैआधीची खरेदी म्हणून महागाई वजा करून वीस टक्के, दोन्हीतला कमी. महागाई वजा केली की माझा नफाच उरत नाही, म्हणजे कर शून्याच्या आसपास. केवढं मोठं सत्य त्या एका ओळीत आहे, आणि ते मला प्राप्तिकर खात्याने सांगावं! तरी हात होत नाही. बायको म्हणते, असू दे, मुलीच्या नावावर करू.

तोवर एक गोष्ट केली. आताचा भाडेकरू सोलापूरचा आहे, बायको शाळेत शिकवते, मुलगी दुसरीत. दर अकरा महिन्यांनी मुलीची शाळा बदलावी लागेल का, ही धास्ती घेऊन ते जगतात असं त्याने एकदा बोलता बोलता सांगितलं. या वेळी मी छत्तीस महिन्यांचा करार करायला सांगितला, दर वर्षी पाच टक्के वाढ, अनामत एक लाख. पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क अडीच हजारांच्या थोडं वर गेलं, नोंदणी फी एक हजार. तीनदा अकरा-अकरा महिने करण्यापेक्षा स्वस्तच. अंगठा लावायला मशीन घेऊन आलेला एजंट खाली जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘काका, तीन वर्षं अडकून पडाल. मधेच भाडं वाढलं तर?’